यंत्रांच्या परीक्षेसाठी कृत्रिम ऊती : पदार्थांची निवड कशी होते?

आपल्या रुग्णालयाच्या जमाखर्चात यंत्रसामग्रीच्या सदराखाली 'चाचणी-प्रतिकृती' अशी एक छोटी नोंद असते. सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय ही नावे आता घरोघरी परिचित झाली आहेत आणि त्यांसाठी देणगीचे आवाहन करताना आम्हांला फारसे समजावून सांगावे लागत नाही. परंतु प्लास्टिकचा एक जड दंडगोल, पाण्याने भरलेला काचेसारखा गोळा किंवा रबरासारख्या गराने भरलेली डबी यांवर पैसा का खर्च व्हावा, असा प्रश्न विश्वस्तांनी आणि देणगीदारांनी वेळोवेळी विचारला आहे. तो रास्तही आहे. या वस्तूंनी एकाही रुग्णाचे निदान होत नाही. त्या कशाच्या बनतात, तोच पदार्थ का निवडला जातो आणि निवड चुकली तर रुग्णाच्या पदरी काय येते, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

इंग्रजीत या प्रतिकृतींना 'फँटम' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ भूत किंवा आभास असा असला, तरी आमच्या विभागातही तोच शब्द रूढ आहे आणि येथेही आम्ही तोच वापरू. त्याची गरज समजण्यासाठी साधे उदाहरण घेऊ. यंत्राने पडद्यावर दाखवले की मूत्रपिंडात आठ मिलिमीटरचा खडा आहे. तो खरोखर आठच मिलिमीटरचा आहे, हे त्या क्षणी कोणीही आत जाऊन मोजू शकत नाही. रुग्णाचे शरीर हीच अज्ञात गोष्ट असल्याने तिच्या आधाराने यंत्राची पारख होऊ शकत नाही. त्यासाठी जिच्या आत काय आहे आणि किती अंतरावर आहे हे आधीच ठाऊक आहे, अशी वस्तू लागते. दुकानातील तराजू तपासायला प्रमाणित वजन लागते, तसेच हे आहे. ते वजन तांदळासारखे दिसावे लागत नाही, आणि फँटमही माणसासारखा दिसावा लागत नाही. मात्र ज्या किरणाने किंवा लहरीने आपण पाहणार आहोत, त्या किरणाशी त्याने माणसाच्या ऊतीसारखे वागले पाहिजे. सगळी अडचण या एका अटीत आहे.

कारण हे वागणे प्रत्येक यंत्रासाठी निराळे असते. क्ष-किरणांना पदार्थाची घनता आणि त्यातील मूलद्रव्यांचे अणुक्रमांक महत्त्वाचे वाटतात. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरींना त्यातील ध्वनीचा वेग आणि लहरी क्षीण होण्याचे प्रमाण पाहावे लागते. एमआरआय यंत्राला हायड्रोजनच्या अणुकेंद्रांची चुंबकीय वर्तणूक दिसते. ॲक्रिलिकचा एक स्वच्छ ठोकळा सीटी स्कॅनखाली मऊ ऊतीच्या बराच जवळ जातो. पण त्यातून ध्वनी सेकंदाला सुमारे 2700 मीटर वेगाने धावतो, म्हणजे शरीरातील वेगाच्या पाऊणेदोन पट, आणि एमआरआयमध्ये तो ठोकळा जवळजवळ अदृश्यच असतो. सर्व यंत्रांना चालेल असा एकच फँटम घ्यावा, ही सूचना काटकसरीच्या दृष्टीने आकर्षक आहे, पण पदार्थविज्ञान तिला साथ देत नाही.

क्ष-किरण आणि पाणी

क्ष-किरणांसाठी सर्वांत जुना आणि आजही सर्वांत विश्वासू पदार्थ म्हणजे पाणी. प्रौढ शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचाच असतो. शिवाय पाणी सर्वत्र सारखे मिळते आणि शुद्ध करता येते. सीटी स्कॅनची मोजपट्टीही पाण्यावरच उभी आहे. तिचे जनक गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पट्टीवर पाण्याचा अंक शून्य आणि हवेचा उणे 1000 असा धरतात. 1971 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला, तेव्हाच्या त्या यंत्रात डोक्याभोवती पाण्याची पेटीच असे. आजही आमच्याकडे दिवसाचे काम सुरू होण्यापूर्वी तंत्रज्ञ पाण्याच्या फँटमची एक प्रतिमा घेतात आणि अंक शून्याच्या आसपास पाच-सात एककांच्या आत आहे ना, ते पाहतात. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु मूत्रपिंडातील साधी पाण्याची गाठ आणि शंका घ्यावी अशी गाठ यांतील सीमारेषा साधारण वीस एककांच्या आसपास असते. यंत्र पंधरा एककांनी सरकले असेल, तर एका कुटुंबाला निष्कारण धास्ती बसेल, आणि दुसऱ्या कुटुंबाला नको इतका दिलासा मिळेल.

पाण्याचे दोष व्यावहारिक आहेत. ते गळते, त्यात शेवाळ धरते, बुडबुडे अडकतात, आणि त्याला चरबी, फुप्फुस किंवा हाड यांचे आकार देता येत नाहीत. म्हणून घन पदार्थांचा शोध सुरू झाला. प्रारंभी मेण, लाकूड, बुचाचे लाकूड असे हाताशी असलेले पदार्थ वापरले गेले. बूच हलके आणि हवेने भरलेले असल्याने फुप्फुसाच्या जागी बरे चाले. किरणोपचारात शरीराचा उंचसखलपणा भरून काढण्यासाठी तांदळाच्या पिशव्याही वापरल्या गेल्या आहेत. नंतर प्लास्टिक आले. पॉलिथीन सीटीच्या पट्टीवर उणे शंभराच्या जवळपास, म्हणजे चरबीच्या शेजारी बसते. ॲक्रिलिक सुमारे अधिक 120 वर. तर टेफ्लॉन हजाराच्या जवळ, घट्ट हाडासारखे दिसते.

पण 'सारखे दिसते' या शब्दांत एक खाच आहे. पॉलिथीन केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांचे बनलेले असते. शरीरात त्यांच्याखेरीज ऑक्सिजन विपुल असतो, हाडात कॅल्शियम असते. कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांचे शोषण अणुक्रमांकाबरोबर झपाट्याने वाढते, म्हणून एका विद्युतदाबावर ऊतीशी जुळणारे प्लास्टिक दुसऱ्या दाबावर जुळेलच असे नाही. लहान मुलांना किरणांची मात्रा कमी पडावी म्हणून आपण दाब कमी करतो, आणि नेमक्या तेव्हाच हा फरक उघडा पडतो. यावर 1970 च्या दशकात लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील संशोधकांनी काढलेला तोडगा आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. त्यांनी एकच आदर्श प्लास्टिक शोधण्याचा नाद सोडला. इपॉक्सी रेझिनमध्ये निरनिराळ्या भुकट्या मोजून मिसळल्या. चुन्याच्या खड्याचे मूळद्रव्य, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अणुक्रमांकाची उणीव भरून काढते. पोकळ सूक्ष्मगोल घनता खाली आणतात. अशा मिश्रणांतूनच पुढे 'घन पाणी' म्हणून ओळखले जाणारे तपकिरी पाट आले, जे किरणोपचार केंद्रांत मात्रा मोजण्यासाठी वापरले जातात. 1989 साली किरणमापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ऊतींना पर्यायी पदार्थांवर 44 क्रमांकाचा अहवाल काढला आणि या पाककृतींना एक सर्वमान्य चौकट मिळाली.

मॅमोग्राफीत हा काटेकोरपणा सर्वाधिक लागतो, कारण तेथील किरण सर्वांत कमी ऊर्जेचे असतात आणि शोधायचे असतात ते कॅल्शियमचे बारीक कण. त्यासाठीच्या प्रचलित फँटममध्ये मेणाच्या वडीत नायलॉनचे तंतू, ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण आणि गाठींसारख्या चकत्या बसवलेल्या असतात. त्यांचे आकार क्रमाने घटत जातात. किती लहान वस्तूपर्यंत प्रतिमा पोहोचते, त्यावरून यंत्राला उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवतात.

पदार्थ कोणता हे ठाऊक असणे किती मोलाचे आहे, याची एक मनोरंजक कथा सीटी स्कॅनच्याच जन्मकाळातली आहे. हाउन्सफील्ड यांच्याबरोबर 1979 चे नोबेल पारितोषिक मिळवणारे ॲलन कॉर्मॅक हे 1957 साली केपटाउनमध्ये आपले पहिले प्रयोग करीत होते. त्यांचा फँटम म्हणजे लाकडाच्या कड्यात बसवलेला ॲल्युमिनियमचा दंडगोल. मोजमापे गणिताबरहुकूम आली, पण मध्याजवळचे काही बिंदू थोडे निराळे निघाले. यंत्रशाळेत चौकशी केल्यावर कळले की, त्या दंडगोलाच्या पोटात किंचित कमी शोषणाची एक खुंटी होती! शोधकाला ठाऊक नसलेली गोष्ट त्याच्या पद्धतीने दाखवली, म्हणून ही कथा कौतुकाने सांगितली जाते. आमच्यासारख्यांनी मात्र तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहावे. रोजच्या तपासणीत अशी अज्ञात खुंटी निघाली असती, तर दोष बिचाऱ्या यंत्राच्या माथी बसला असता.

ध्वनिलहरींचे निराळे जग

सोनोग्राफीचे यंत्र वस्तूची खोली मोजते ती प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून. वेळेचे अंतर करण्यासाठी वेग लागतो. आणि जगातील जवळजवळ प्रत्येक यंत्र हा वेग सेकंदाला 1540 मीटर असा गृहीत धरते, कारण मऊ ऊतींची सरासरी तेवढी आहे. आता कोणी म्हणेल की, येथेही पाणीच वापरावे. परंतु 20 अंश सेल्सिअसला पाण्यातील ध्वनीचा वेग 1482 मीटरच असतो. फरक जेमतेम चार टक्क्यांचा; तरी पाण्यात बरोबर दहा सेंटिमीटरवर ठेवलेली तार पडद्यावर जवळजवळ दहा सेंटिमीटर चार मिलिमीटरवर दिसेल. म्हणजे उत्तम यंत्र सदोष ठरेल. त्याहून वाईट म्हणजे, नेमकी तेवढीच उलट चूक करणारे सदोष यंत्र पाण्यात निर्दोष ठरेल आणि मग यकृतात सुई किती खोल घालायची, हे त्याच्या भरवशावर ठरेल.

पाणी 50 अंशांच्या जवळ तापवले की वेग 1540 होतो, पण उकळत्या चहाच्या वाटेवर असलेल्या पाण्यात नाजूक प्रोब बुडवणे कोणी मान्य करणार नाही. म्हणून साध्या तापमानाच्या पाण्यात नऊ-दहा टक्के इथेनॉल किंवा योग्य प्रमाणात ग्लिसरीन मिसळतात. वेगाचा प्रश्न असा सुटला, तरी पाण्यात लहरी जवळजवळ क्षीणच होत नाहीत. मऊ ऊतीत प्रत्येक सेंटिमीटरला, प्रत्येक मेगाहर्ट्झमागे, साधारण अर्धा डेसिबल घट होते. साडेतीन मेगाहर्ट्झची लहर दहा सेंटिमीटर खोल जाऊन परत येईपर्यंत 35 डेसिबल गमावते, म्हणजे तिच्या शक्तीचा सुमारे तीन-हजारांश भाग उरतो. पाण्यात हा तोटा होत नसल्याने दुबळे यंत्रही तेथे खोलवरचे स्वच्छ दाखवते. शिवाय ऊतीची जी करड्या रंगाची रवाळ प्रतिमा दिसते ती सूक्ष्म कणांवरून विखुरलेल्या लहरींमुळे. स्वच्छ पाणी पडद्यावर काळेच दिसणार.

तेव्हा गोठणारा गर, त्यात वेग जुळवणारा द्रव, आणि लहरी शोषणारी व विखुरणारी भुकटी, असे त्रिकूट जमवावे लागते. 1978 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडसन, झॅगझेब्स्की आणि सहकाऱ्यांनी जिलेटीन, अल्कोहोल आणि ग्राफाइटची भुकटी यांचे असे मिश्रण मांडले. शिसपेन्सिलीतले ग्राफाइट ते हेच. पुढे आंतरराष्ट्रीय मानकात स्थिरावलेल्या पाककृतीत सुमारे 83 टक्के पाणी, 11 टक्के ग्लिसरीन, तीन टक्के अगर, थोडे सिलिकॉन कार्बाइड आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड, शिवाय बुरशी रोखणारे बेंझाल्कोनियम क्लोराइड येते. भुकटी तळाशी बसू नये म्हणून गोठेपर्यंत साचा सावकाश फिरवत ठेवतात.

जिलेटीन की अगर, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपतो. महाराष्ट्रात तो उन्हाळा ठरवतो. जिलेटीनचा गर लवचीक असतो आणि सुई टोचताना हाताला ऊतीसारखा प्रतिकार जाणवतो. पण तिशीच्या थोडे वर तापमान गेले की तो पाघळू लागतो. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात, वीज गेलेल्या दुपारी, अशा फँटमचे काय होईल ते सांगायला नको. फॉर्मलिनसारखी द्रव्ये मिसळून तो टिकाऊ करता येतो, मात्र ती हाताळताना काळजी घ्यावी लागते. जिलेटीन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते, याचाही काहींना संकोच वाटतो. अगर समुद्री शेवाळापासून मिळते. आपल्या स्वयंपाकघरात ते 'चायना ग्रास' या नावाने परिचित आहे. त्याचा स्वभाव विलक्षण आहे. गरम द्रावण 40 अंशांच्या खाली आल्यावर ते गोठते, पण एकदा गोठले की 85 अंशांच्या आसपास तापवल्याखेरीज पुन्हा वितळत नाही. आपल्या हवेला ते सोयीचे. मात्र ते ठिसूळ असते, वाकवले की तडकते, आणि सुईच्या वाटा त्यात कायमच्या उमटून राहतात.

इतरही पर्याय आहेत. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे द्रावण वारंवार गोठवून आणि वितळवून घट्ट करता येते. जितकी आवर्तने अधिक तितका गर ताठ, म्हणून मऊ आणि कठीण गाठींचा फरक शिकवायला ते उपयोगी पडते. पॉलिअॅक्रिलामाइड पारदर्शक आणि सुबक होते, पण त्याचे मूळ द्रव्य मज्जासंस्थेला विषारी असल्याने ते आपल्या विभागात बनवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. युरेथेन रबर सुकत नाही, सडत नाही. त्यात ध्वनीचा वेग मात्र 1450 मीटरच्या आसपास राहतो आणि वरच्या वारंवारतेला क्षीणनाचे गणित ऊतीपासून दूर जाते. त्रिमितीय छपाईने आता रुग्णाच्या स्वतःच्या स्कॅनवरून हाडांची हुबेहूब आकृती काढता येते. आकार बिनचूक येतो. पदार्थाचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

एमआरआयबद्दल थोडक्यात

शुद्ध पाणी एमआरआयला भरपूर संदेश देते, पण त्यातील अणुकेंद्रे पूर्वस्थितीला यायला सुमारे तीन सेकंद घेतात. ऊतींना याहून पुष्कळ कमी वेळ पुरतो. हा वेळ घटवण्यासाठी पाण्यात अल्प प्रमाणात चुंबकीय क्षार घालतात. द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचे मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, त्यांपैकीच एक. निकेल क्लोराइडचा परिणाम तापमानाने फारसा बदलत नाही, म्हणून प्रमाणित फँटममध्ये त्याला पसंती मिळाली. शरीराची विद्युतवाहकता यावी म्हणून त्यात साधे मीठही असते. पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणाऱ्या तपासणीसाठी, जी पक्षाघातात पहिल्या तासांत मोलाची ठरते, एक अतिशय साधी युक्ती आहे. नळीतले पाणी वितळत्या बर्फात ठेवायचे. बर्फ शिल्लक असेपर्यंत तापमान शून्य अंशच राहते, आणि त्या तापमानाला पाण्याचा आकडा जगभर एकच असतो.

विकत घ्यावे की घरी करावे?

हा प्रश्न विश्वस्त मंडळापुढे आला तेव्हा आम्ही दोन कामे वेगळी केली. यंत्र बरोबर मोजते का, हे ठरवणारा फँटम प्रमाणपत्रासह विकतच घ्यावा, असे आमचे मत होते आणि आहे. अणुऊर्जा नियामक परिषदेच्या अपेक्षेप्रमाणे निदानाच्या क्ष-किरण यंत्रांची गुणवत्ता-चाचणी दर दोन वर्षांनी होते. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत तशा प्रकारचे किरण नसल्याने ती या परिषदेच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्या मोजमापांची शिस्त मुख्यतः रुग्णालयाच्या विवेकावर उरते. तेथे स्वयंपाकघरातली पाककृती पुरेशी नाही, कारण तिचा वेग आणि क्षीणन आपण मोजलेले नसते.

शिकाऊ डॉक्टरांचा हात बसवण्यासाठी मात्र घरचाच फँटम उत्तम. सोनोग्राफी पाहत गाठीत सुई नेणे हे कौशल्य आहे, आणि त्यातली पहिली चुकार सुई कोणाच्या तरी आईच्या यकृतात जाऊ नये, एवढी अपेक्षा प्रत्येक कुटुंबाने ठेवावी. 1995 साली अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी बिनचवीचे जिलेटीन आणि सारकासाठी घेतात ते इसबगोल यांचा फँटम प्रसिद्ध केला. इसबगोलाचे कण लहरी विखुरतात आणि पडद्यावर यकृतासारखा रवाळ पोत दिसतो. याच धर्तीवर आमच्याकडे पाण्याने भरलेले हातमोज्याचे बोट गाठ म्हणून आणि रबरी नळी रक्तवाहिनी म्हणून बसवतात. पाणी आधी उकळून हवा काढावी लागते, मिश्रण संथपणे ओतून फेस काढावा लागतो, आणि इसबगोल ते किंचित दाट झाल्यावर घालावे लागते, नाहीतर एखादा बुडबुडा नको तेथे चमकतो. या कामात प्रोबवर आवरण असते, आणि सरावाच्या सुया रंगीत चिठ्ठी लावलेल्या स्वतंत्र डब्यात राहतात. त्या रुग्णांच्या साहित्यात परत जात नाहीत. बुरशीचा पहिला ठिपका दिसताच तो फँटम टाकून दिला जातो.

विकत घेतलेल्या फँटमचेही आयुष्य अमर नाही. पाण्यावर आधारलेला गर बंद डबीतूनही सावकाश सुकतो, आणि सुकला की ध्वनीचा वेग बदलतो. यासाठी त्याचे वजन ठराविक काळाने करून नोंदवहीत लिहिले जाते. वजन घटू लागले की फँटम बदलण्याची वेळ आली असे समजावे. ही नोंदवही आणि पाण्याच्या फँटमच्या रोजच्या नोंदी प्रतिमानिदान विभागात ठेवलेल्या असतात. रुग्णांच्या नातेवाइकांना किंवा देणगीदारांना त्या पाहावयाच्या असल्यास कामाच्या वेळेत विभागातील तंत्रज्ञांकडे मागाव्यात. फँटमही तेथील कपाटातच आहेत.